न आलेली ओ

नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी पुष्कळ बोलले आहे — शिकवण्याचाच व्यवसाय, तोंड बंद ठेवून कसं भागेल — पण ही एक गोष्ट तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं माझ्या बहिणीला वाटतं, तिलाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? तसं खास कारण काही नाही. दमले आहे. एखादं ओझं फार दिवस एकाच हातात धरलं की तो हात आपोआप सैल पडतो, तसं काहीसं झालं असावं.

मी जालन्यात एका कॉलेजात शिकवते. विषय बिनतारी संदेशवहन — म्हणजे रेडिओ, मोबाईल, तारेशिवाय जे जे काही बोलतं ते सगळं. तिथल्याच मस्तगड भागात आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. तिथे मी संध्याकाळी छोटी यंत्रं जुळवते, निदान तेव्हा जुळवत असे. वर्गात दरवर्षी एक धडा येतो, आणि तो आला की माझा आवाज थोडा बसतो. मुलांना वाटतं बाईंना सर्दी झाली.

धडा साधा आहे. रिसीव्हरला काय ऐकू येतं? जे पाठवलं ते येत नाही. पाठवलेल्याची वाटेत जी गत झाली ती ऐकू येते, आणि वर गोंगाट. ही वाट म्हणजे चॅनल — अंतर, हवा, भिंती, पत्रे, झाडं, सगळं त्यात आलं. वाटेनं नेमकं काय बिघडवलं याचा अंदाज घ्यायचा आणि मूळ निरोप काय असेल ते ठरवायचं, एवढंच रिसीव्हरचं काम. सूत्रांत हे मुलांच्या डोक्यावरून जातं, म्हणून मी त्यांना माझ्या आत्याची गोष्ट सांगते.

आत्या मंठ्याकडच्या एका गावात दिलेली. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. आजोबांच्या हयातीत जमीन झाली, मेंढरं हळूहळू कमी झाली, पण आत्याचा आवाज मेंढरांमागचाच राहिला. तीन वावरं ओलांडून तिची हाक जायची. हाक मारायची तिची एक पद्धत होती. आधी नुसतं नाव, लांब ओढून — भागवाऽऽत. मग थांबायचं. मग काम सांगायचं. एकदमच का सांगत नाहीस, असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाली, "नाव ऐकलं की कान लागतो, सुने. वारं कुणीकडून हाय ते कळतं. मंग काम बराबर ऐकू येतं." सुनी हे माझं घरातलं नाव.

हेच आम्ही इंजिनिअर लोक करतो आणि त्याला पायलट म्हणतो. निरोपाच्या आधी, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेले चार ठोके पाठवायचे. ते किती वाकडे होऊन पोचले यावरून रिसीव्हरला वाटेचा अंदाज लागतो. मुलं हसतात, आत्याचं नाव वहीत लिहून घेतात.

आत्याचा दुसराही एक नियम होता. समोरून ओ आल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. ओ नाही आली तर पुन्हा हाक, नाहीतर उठून जायचं. हा दुसरा नियम मी वर्गात सांगत नाही. त्याच्या अलीकडेच थांबते आणि फळा पुसते.

तर भागवत हा आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याची बायको कांतावहिनी. त्यांचं घर शेतातच. घरापासून दोन वावरं पलीकडे विहीर, आणि विहिरीपासून आणखी पुढे, विजेच्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, पत्र्याची एक खोली. मोटारीचा स्टार्टर त्या खोलीत. मोटार चालू करायची असो की बंद, तिथवर चालत जायचं. लाईट कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही. दादाच्या दिवसभर फेऱ्या चालायच्या.

म्हणून मी यंत्र केलं. घरी हातात मावेल असा रिमोट, त्यावर दोन बटणं — चालू आणि बंद. स्टार्टरच्या खोलीत एक डबा, त्यात रिसीव्हर आणि छोटी बॅटरी, म्हणजे लाईट नसली तरी डबा जागा. एकदा 'चालू' सांगून ठेवलं की लाईट आल्या आल्या मोटार आपण होऊन सुरू व्हायची. आणि रिमोटवर एक हिरवा दिवा. बटण दाबलं की निरोप डब्याकडे जायचा, डबा उलट निरोप पाठवायचा — मिळालं — आणि तो आला तरच दिवा लागायचा. दिवा म्हणजे आत्याची ओ. मला तेव्हा त्याचं किती कौतुक होतं! आत्याला मी तसंच समजावून सांगितलं होतं. तिनं दिव्याकडे बोट करून विचारलं, "ह्यो ओ देतो व्हय?" आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

यंत्र उन्हाळ्यात बसवलं. सगळं रान मोकळं, नांगरून पडलेलं. घरापासून खोलीपर्यंत नजर थेट जायची. शंभर वेळा दाबलं, शंभर वेळा दिवा लागला. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला तेव्हा एवढंही सुचू नये की वावर म्हणजे बारमाही एकसारखी राहणारी भिंत नव्हे? मी वाट मोजली ती वैशाखातली. निरोप जाणार होते भादव्यातून.

पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. तोवर मी आणखी काही जणांना यंत्रं दिली होती. निरोप जायचा, मोटार चालू व्हायची, पण ओ परतताना हरवायची. डबा बसलेला स्टार्टरच्या शेजारी, तिथल्या ठिणग्यांचा गोंगाट, त्यात त्याचा आवाज बारीक. वहिनीचा फोन आला, "ताई, मोटार तं चालू झाल्ती, पण दिवा न्हाई लागला. मंग मी आपली जाऊन पाहून आले."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नऊ वर्षं ठेवलं आहे. दिवा लागला नाही की वहिनी जाऊन पाहून यायची.

उपाय होता. पायलट लांब करायचा, ओ एकदाऐवजी पाच वेळा पाठवायची, वाटेचा अंदाज पुन्हा पुन्हा घ्यायचा. दोन-तीन आठवड्यांचं काम. पण जालन्यात शेतीचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, माडीवर वीस यंत्रं तयार होती, आणि दिवा न लागणारं यंत्र चारचौघांत कसं दाखवायचं? लोक म्हणणार, बाईचं यंत्र बिघडकं. मला ते सहन होणार नव्हतं. झालं — एवढंच. कुणी माझ्या डोक्यावर बसलं नव्हतं.

मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. ओ आल्यावर दिवा लावायचा, याऐवजी निरोप पाठवल्यावर दिवा लावायचा. पलीकडे कुणी ऐको न ऐको.

आणि एवढ्यावर थांबले नाही. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बटण दाबताक्षणी दिवा लागला. मला ते खोटं वाटलं. म्हणजे — खोटं दिसलं. म्हणून मधे दीड सेकंद थांबा टाकला. जणू निरोप गेला आहे, पलीकडे कुणी ऐकतं आहे, ओ परत येते आहे. घाईत एक ओळ चुकली, असं मी स्वतःला समजावू शकले असते, पण तो दीड सेकंद मला समजावू देत नाही. तो मी सावकाश बसून, चहा पीत, आधी एक, मग दोन, मग दीड असा जुळवून टाकला होता.

प्रदर्शनानंतर नीट करू, असं ठरवलं होतं. प्रदर्शन झालं. लोकांनी वाखाणलं. दादाच्या रिमोटचा दिवा लागत नव्हता म्हणून पुढच्याच रविवारी जाऊन त्यातही तीच ओळ भरली. वहिनीनं लगेच दाबून पाहिलं. "आता कसा झटकन लागून राह्यला, ताई! आता माही चक्कर वाचली." मी तिच्या हातचं पिठलं-भाकर खाऊन परत आले.

पुढचं सांगायला मला नेहमी वेळ लागतो. नेहमी म्हणजे — मनातल्या मनात.

भादवा. त्या वर्षी दादानं मधल्या दोन्ही वावरांत मका केला होता. डोक्याच्या वर गेलेला, ओला, दाट. दुपारी लाईट गेलेली होती. विहिरीवर जुनी मोटार, पंप वेगळा, दोन्ही जोडणारं कपलिंग उघडं. पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळत होतं आणि दादा तिथे गळती थांबवायला ग्रीसची दोरी भरत बसला. मोटार सकाळपासून 'चालू'वर होती. लाईट आली असती तर ती आपण होऊन फिरली असती, म्हणून त्यानं घरी फोन लावला — बंद कर. वहिनीनं बटण दाबलं. दीड सेकंदानं दिवा लागला. तिनं फोनवर सांगितलं, झाली बंद.

मोटार शांतच होती. लाईट नसल्यावर ती शांतच असणार. कानानं खात्री करायची सोय नव्हती.

निरोप मक्यात कुठेतरी विरला. पाऊण तासानं लाईट आली.

दादाचा उजवा हात मनगटापासून गेला. जालन्याला आणलं, जीव वाचला. एवढं सांगून पुढे जाते, त्यातलं बाकी मला लिहिता येत नाही.

वर्गात मी शिकवते की रिसीव्हरच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. नसलेली हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, ही एक. आलेली हाक ऐकू न येणं, ही दुसरी. एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते, त्यात कुणाचा दोष नसतो, तो निसर्ग आहे. दादाच्या डब्याकडून दुसरी चूक झाली. डबा निर्दोष आहे. पण तिसरी एक चूक असते. ती पुस्तकात नाही, कारण ती रिसीव्हर करूच शकत नाही. न आलेली ओ आली म्हणून सांगणं. त्याला माणूस लागतो.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी शेतात गेले. दादा दवाखान्यातच होता. आत्या होती, वहिनी होती, शेजारची चार-पाच माणसं होती. आत्यानं मला स्टार्टरच्या खोलीपाशी नेलं. बोलताना ती नेहमीसारखी मोठ्यानं बोलत नव्हती, हे मला आठवतं.

"सुने, तुह्या डब्यात काही दोष हाय का, पाह्य."

मी रिमोट घेतला. खोलीपासून दहा पावलांवर उभी राहिले. चालू दाबलं. आत खट्ट वाजलं, दिवा लागला. बंद दाबलं. खट्ट, दिवा. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी पाहिलं. मी घराजवळ जाऊन का दाबलं नाही? मधे मका होता. मका होता म्हणूनच गेले नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. तिथे मला ठाऊक होतं काय होईल ते — खट्ट वाजणार नाही, आणि दिवा मात्र लागेल.

आत्यानं दिव्याकडे बोट केलं.

"हिरवा म्हंजे ओच ना गं?"

तुम्हाला सांगते, तिनं मला सुटायला जागा ठेवून विचारलं होतं. एक शब्द पुरला असता.

"हो आत्या," मी म्हणाले. "ओच."

आत्या काही शिकलेली नव्हती, पण विचार सरळ रेषेत करायची. ती हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ओ आली, म्हंजे निरोप पोचला. निरोप पोचला अन् मोटार फिरली. मंग निरोपच उलटा गेला." आणि तिनं मान वळवली. सगळ्यांनी वळवली. मीही वळवली — हे सांगायला हवं. मीही इतरांसारखंच वहिनीकडे पाहिलं.

वहिनी पदराचं टोक दोन्ही हातांत धरून उभी होती. तिनं रडून काही सांगितलं नाही, शपथा घेतल्या नाहीत. जरा वेळ आठवून पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाली, "मंग म्याच चालूचं दाबलं असंल."

असंल, म्हणाली होती ती. महिन्याभरात तिचं तिनंच त्याचं 'दाबलं' केलं.

मी सगळी यंत्रं दोन आठवड्यांत परत मागवली. बॅटरी बदलायची आहे, असं सांगितलं. खरी ओळ पुन्हा घातली, पायलट लांब केला, ओ पाच वेळा पाठवायला लावली. यंत्रं नीट चालली. न मागता बॅटरी बदलून देते, बाई फार सचोटीची आहे, असं लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. त्यानंतर नवीन यंत्र एकही केलं नाही. लोकांना वाटतं कॉलेजमुळे वेळ मिळत नाही.

दादा डाव्या हातानं सगळं शिकला. विळा, चमचा, सही. वहिनीला तो कधी शब्दानं बोलला नाही. उलट कुणी विषय काढलाच तर म्हणतो, "बटणं तं इत्तुलशी, तिचं काय चुकलं?" त्याच्या भलेपणात सुद्धा ती चुकलेलीच आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. आत्याही सुनेला कधी टाकून बोलली नाही. फक्त तिनं एक केलं. तिला नावानं हाक मारणं बंद केलं. काम असलं की नातीला हाक मारायची आणि नातीच्या तोंडून सुनेला सांगायची. चार वर्षं. मग आत्या गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्यापाशी दोन दुपारी बसले होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तिचे पाय चेपत राहिले.

या संक्रांतीला वहिनी माझ्याकडे वाणाला आली. लेकीला घेऊन आली होती, नर्सिंगला आहे ती आता. चहा मी टाकला, पण गॅस बंद करायला वहिनी उठली. बटण फिरवलं, ज्योत गेली. तिच्या डोळ्यांसमोर गेली. तरी ती तशीच उभी राहिली, हात बटणावर ठेवून, आणि लेकीकडे बघून म्हणाली, "झाला का गं बंद?" लेक मोबाईलमधून वरसुद्धा न बघता म्हणाली, "झाला, आई." तेव्हा वहिनीनं हात काढला. हे रोजचंच आहे. पंखा, दिवा, नळ, काहीही. ओ आल्याशिवाय ती हात काढत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरलेला नाही, आणि तो मी घालवला आहे.

निघताना, चपला घालता घालता, तिनं मला विचारलं, "ताई, ती दोन बटणं लै जवळ व्हती का हो?" नऊ वर्षांनी. पाहुणे निघताना भाजीचा भाव विचारतात तितक्या सहज.

जवळ नव्हती. मीच बसवली होती, दोन बोटं अंतर ठेवून. बंदच्या बटणावर उंचवट्याचा ठिपका होता, अंधारात बोटाला कळावा म्हणून.

"हो वहिनी," मी म्हणाले, "जवळच होती."

तिला बरं वाटलं. मला ते दिसलं. लेकीचा हात धरून ती जिना उतरून गेली.

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, दिवा खोटा होता हे कळलं. पण बाईनं खरंच चुकीचं बटण दाबलं नसेल कशावरून? मलाही हा प्रश्न पडला असता तर किती बरं झालं असतं. संशयात माणूस जगू शकतो. पण तेवढाही आधार मी स्वतःला ठेवलेला नाही.

रिमोटच्या आत शेवटच्या आठ बटणांची नोंद राहायची. दुरुस्तीला सोपं जावं म्हणून ती सोय मीच केली होती, आणि तिची माहिती माझ्याशिवाय कुणाला नव्हती. अपघाताच्या त्या तिसऱ्या दिवशी शेतातून रिमोट घेऊन मी मस्तगडला परत आले, माडीवर गेले, तो कॉम्प्युटरला जोडला. शेवटची दोन माझी होती, खोलीजवळ उभं राहून दाबलेली. त्यांच्या आधीची दोन वहिनीची. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग त्यावर नवा प्रोग्रॅम चढवला. जुनी नोंद पुसली गेली. ती कागदावर मी उतरवून ठेवली नव्हती, म्हणून इथे लिहिते.

बंद. बंद.

तिनं बरोबर बटण दाबलं होतं. खात्री असावी म्हणून दोनदा दाबलं होतं.